सासरेबुवांचा कॅमेरा उटीला जातो

जावयाला नाही कसं म्हणावं, हे मराठी सासऱ्याला अजून कुठल्याच पंचांगाने सांगितलेलं नाही. त्यातून जावयाची मागणी अधिक महिन्यात आली तर विषयच संपला. ज्या महिन्यात त्याला तेहतीस अनारसे, दिवा आणि ऐपतीप्रमाणे ताट-तांब्या द्यायचा, त्या महिन्यात तो बिचारा एक वस्तू फक्त आठवडाभर वापरायला मागतोय. नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? अधिक महिना येतो साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांतून एकदा. सोलापूरच्या या सासरेबुवांचं दुःख एवढंच होतं की, जावईबापूंनी मधल्या कुठल्याही महिन्यात विचारलं असतं तर ‘कॅमेरा दुरुस्तीला टाकलाय’ असं खुशाल सांगता आलं असतं.

कॅमेराही साधासुधा नव्हे. आसाही पेंटॅक्स के-१०००, रोलचा. हा १९७६ साली बाजारात आला आणि १९९७ पर्यंत जवळपास जसाच्या तसा बनत राहिला, ही त्याची पहिली ख्याती. दुसरी अशी की, त्यात आपोआप काहीही होत नाही. फोकस हाताने, अ‍ॅपर्चर हाताने, शटरचा वेग हाताने, आणि रोल पुढे ओढायचा तोही अंगठ्याने. शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी असते, पण ती व्ह्यूफाइंडरमधला उजेडाचा काटा हलवण्यापुरती. ती मेली तरी कॅमेरा चालतो. जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत मास्तर लोक पोरांना हाच कॅमेरा घ्यायला सांगत. चूक झाली तर ती कोणाची, याबद्दल वाद राहत नसे.

सासरेबुवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आधी आग्फाचा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनायचा आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो द्यायचा. मुंज असो की डोहाळजेवण, सगळा सोहळा त्या बारांत बसवावा लागे. तेराव्या पाहुण्याने फोटोसाठी येऊन उभं राहणं हा उद्धटपणा समजला जाई. पुढे ऐंशीच्या दशकात मस्कतला असलेल्या थोरल्या बंधूंनी सुटीवर येताना हा पेंटॅक्स आणला आणि सासरेबुवांची पत एकदम छत्तीस फोटोंवर गेली. उजनीचे उघडलेले दरवाजे, दोन्ही मुलींची पहिली पावलं, सासूबाईंचा पैठणीतला रागावलेला चेहरा, सगळं याच कॅमेऱ्याने टिपलं. तो जपानी आहे, हे घरात सर्वांना पाढ्यासारखं पाठ होतं. त्याची कातडी केस खालून स्क्रूने आवळलेली असे. बॅटरी बदलायची वेळ आली की सासरेबुवा कॅमेरा घेऊन आतल्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. जपानी काम आहे, धूळ लागता कामा नये, असं त्याचं कारण सांगितलं जाई.

कॅमेरा सुपूर्द करण्याचा समारंभ सोलापूर स्टेशनवर झाला. जावई, लेक आणि आठ वर्षांची नात पुण्याहून रात्री कुर्ला–कोइम्बतूर एक्सप्रेसमध्ये बसले होते आणि ती गाडी सकाळच्या पहिल्या चहाला सोलापूरला येते. गाडी थांबायच्या आधीच सासूबाई डब्याबरोबर चालायला लागल्या. शेंगाचटणी, कडक भाकरी, दह्याचा डबा आणि नातीसाठी स्वेटर अशा चार पिशव्या त्यांनी खिडकीतून आत ढकलल्या. सासरेबुवांच्या हातात मात्र एकच गाठोडं होतं. सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ते गाठोडं त्यांनी असं छातीशी धरलं होतं की, शेजारच्या बाकावरच्या बाईंनी उठून त्यांना बसायला जागा दिली.

“रोल मी भरून दिलाय,” ते म्हणाले. “तुम्ही त्या भानगडीत पडू नका.” आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला रेघांचा कागद काढला. त्यावर निळ्या-काळ्या शाईत चौदा मुद्दे होते.

हा कागद मुळातून वाचण्यासारखा आहे. मुद्दा तीन: ‘फोटो काढून झाल्याबरोबर लेन्सची टोपी लावावी. या कॅमेऱ्यात मीटर बंद करण्याचे बटण नाही. उजेड आत गेला की बॅटरी खर्च होते.’ हे शब्दशः खरं आहे. के-१००० ला तसं बटण दिलेलंच नाही. मुद्दा सहा: ‘कडक ऊन असल्यास १६, पातळ ढग असल्यास ११, दाट ढग असल्यास ८. काट्यावर विश्वास ठेवावा, पण आभाळाकडेही बघावे.’ रोल दोनशे स्पीडचा, तेव्हा शटर अडीचशेवर, असं पुढे कंसात. हा हिशेब पूर्वी रोलच्या खोक्यावरच चित्रं काढून छापलेला असे आणि सासरेबुवांनी तो पुरुषसूक्तासारखा जतन केला होता. मुद्दा नऊ: ‘समोरचा माणूस हसला की लगेच दाबू नये. हसू ओसरल्यावर दाबावे. तो खरा चेहरा.’ (घरच्या अल्बममध्ये सगळे नातेवाईक आयकर भरून आल्यासारखे का दिसतात, याचा खुलासा लेकीला पस्तिसाव्या वर्षी झाला.) मुद्दा अकरा: ‘बोगद्यात फोटो काढू नये.’ आणि मुद्दा चौदा, खाली दोन रेघा मारून: ‘मागचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.’

जावईबापू चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. पुरवठादाराने दिलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही पोटापाण्याची सवय. गाडी हलली, सासरेबुवा खिडकीतून “टोपी! टोपी!” असं ओरडत मागे राहिले आणि जावईबापूंनी गाठोडं सोडून मालाची तपासणी सुरू केली. लेन्स स्वच्छ. शटरचा कापडी पडदा ठीक. खालची केस सोडवली. बॅटरीच्या झाकणाशेजारी धातूत इंग्रजी अक्षरं कोरलेली होती आणि नातीने ती नुकत्याच आलेल्या वाचनाच्या जोरावर मोठ्याने वाचली: “असेंबल्ड इन हाँगकाँग.”

डब्यात क्षणभर शांतता पसरली. पेंटॅक्सने के-१००० ची जुळणी १९७८ च्या सुमारास जपानहून हाँगकाँगला हलवली होती आणि पुढे नव्वदीत चीनला नेली. कॅमेऱ्याचं त्यात काही बिघडलं नाही. पण आतल्या खोलीचं दार का लोटलं जाई, याचा उलगडा झाला. लेकीने मुलीकडे बघितलं. “हे आजोबांना सांगायचं नाही,” ती म्हणाली. केस परत आवळली गेली.

वाडी येईपर्यंत सासरेबुवांचा पहिला फोन आला. कॅमेरा वरच्या बर्थवर आहे की खाली? खाली असेल तर कोणाच्या पायाशी? कृष्णेच्या पुलावर दुसरा: पाणी चकाकतं, काटा फसवेल, एक स्टॉप जास्त उजेड द्या. गुंतकलला तिसरा. त्यात शेवटी गाडी सुटता सुटता “आणि पोरगी बरी आहे ना?” असंही विचारून झालं. समोरच्या बाकावरच्या धर्मावरमच्या गृहस्थांना वाटलं, कोणीतरी आजारी माणूस सोबत आहे. त्यांनी आस्थेने केळी दिली.

मेट्टुपाळयमला रात्र काढून सकाळी सात-दहाची नीलगिरीची गाडी. हिच्यासाठीच सगळा खटाटोप होता. भारतातली दात्यांच्या रुळावर चढणारी ही एकमेव रेल्वे. कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये सुरू झाली, उटीपर्यंत १९०८ मध्ये पोचली आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. सुमारे ३३० मीटर उंचीवरून निघून २२०० मीटरपर्यंत जाते. अंतर जेमतेम ४६ किलोमीटर. त्याला चढताना पाचेक तास लागतात. म्हणजे सोलापूरहून बार्शीला जाऊन, जेवून, वामकुक्षी आटोपून परत येता येईल. कल्लारपासून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते, इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकतं आणि इंजिन गाडीला मागून ढकलत वर नेतं. चढ साधारण बाराला एक, म्हणजे बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. प्रत्येक डब्याच्या पुढच्या फळीवर हातात झेंडा घेतलेला एक ब्रेकवाला उभा असतो आणि मागच्या इंजिनाला खुणा करतो. ‘दिल से’मधलं टपावरचं नाचगाणं याच गाडीवर झालं होतं, हे दर दहा मिनिटांनी डब्यातला कोणीतरी दुसऱ्या कोणालातरी सांगत होता.

गाडी निघाली आणि मोबाइलची रेंज गेली. जावईबापूंना घाट आवडायला लागला तो इथूनच.

रोलच्या कॅमेऱ्याने प्रवास करणं म्हणजे काय, ते या घाटात कळतं. लेक फोनवर सटासट काढत होती. कल्लार सोडेपर्यंत तिचे दीडशे झाले होते, त्यात चाळीस समोरच्या काकांच्या कानाचे. जावईबापूंचा एक होईना. आधी टोपी काढायची, मग काटा बघायचा, मग मधल्या गोल चकतीत बघून फोकस जुळवायचा, आणि तेवढ्यात बोगदा. या मार्गावर सोळा बोगदे आहेत आणि प्रत्येकात अख्खी गाडी, वयस्कर मंडळींसह, जिवाच्या आकांताने ओरडते. उजेडात आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. एकेका फोटोला हल्ली रोल आणि धुलाई-स्कॅनिंग मिळून चाळीस-पन्नास रुपये पडतात, हे डोक्यात असलं की धबधबासुद्धा नीट पारखून घ्यावासा वाटतो. हिलग्रोव्हला इंजिन पाणी प्यायला थांबलं, माकडांनी डब्यावर छापा घातला आणि एका माकडाने नातीच्या हातातून सासूबाईंची कडक भाकरी पळवली. त्याने ती दोनदा चावून पाहिली, उलटसुलट केली आणि खाली दगडावर आपटली. जावईबापूंनी हे सगळं टिपलं. काटा मधोमध, फोकस चोख. हा फोटो त्यांच्या मते या सहलीचा कळस होता.

काउंटरवर सतरा आकडा होता, तेव्हा रनीमेडच्या अलीकडे क्वालिटीच्या माणसाची नजर कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्यावर गेली. तिथे रोल परत गुंडाळायचा नॉब असतो. उजव्या अंगठ्याने रोल पुढे ओढला की आतलं रीळ फिरतं आणि त्याबरोबर हा डावा नॉबही आपसूक फिरतो. तो फिरत नव्हता. जावईबापूंनी अठरावा फोटो काढला आणि नजर डावीकडे ठेवून लिव्हर ओढला. नॉब ढिम्म. मग त्यांनी नॉबची छोटी मूठ बाहेर काढून बाणाच्या दिशेने हलकेच अर्धा वेढा दिला. आत रोल ताणलेला असेल तर तिथे बोटाला अडतं. अडलं नाही. गुळगुळीत फिरली. याचा अर्थ पेंटॅक्स वापरलेल्या कोणालाही कळतो: रोलचं टोक उजवीकडच्या चरकीत नीट अडकलंच नव्हतं. पहिल्याच ओढीला ते निसटलं होतं, आणि कल्लार, हिलग्रोव्ह, माकड, भाकरी, झेंडेवाला, सगळं त्या एकाच रिकाम्या जागी घडून गेलं होतं. काउंटरचं काय, तो अंगठ्याचे झटके मोजतो. आत रोल आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आता पेच असा. खात्री करायची तर मागचं झाकण उघडायचं, म्हणजे मुद्दा चौदा. अंदाज चुकला तर अठरा फोटो उजेडाने जळणार. सासरेबुवांना विचारावं तर रेंज नाही, आणि रेंज असती तरी विचारणार काय? रोल भरला कोणी, हे त्या प्रश्नाच्या पोटातच होतं.

कुन्नूरला गाडी बराच वेळ थांबते. दातेरी चढ इथे संपतो, वाफेचं इंजिन सुटतं आणि पुढे डिझेलचं लागतं. सगळे प्रवासी इंजिनाबरोबर फोटो काढायला धावले, तेव्हा जावईबापू रिकाम्या डब्यात सासूबाईंनी दिलेली शाल डोक्यावरून घेऊन बसले. आत नॉब वर ओढल्याचा खट्ट आवाज झाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, यांना गाडी लागली. शालीखालून आवाज आला: “टोक तसंच आहे. गुंडाळी होऊन पडलंय.”

“म्हणजे बाबांनीच?” लेक म्हणाली.

“चष्मा नसेल घातला.”

के-१००० च्या चरकीभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक काड्या असतात. त्यांच्या फटीत टोक खुपसायचं, लिव्हर थोडा ओढायचा, भोकं दात्यांवर बसली की नाही ते बघायचं आणि मगच झाकण लावायचं. जावईबापूंनी ते केलं. दोनदा लिव्हर ओढला. डावा नॉब फिरला. नात आनंदाने टाळ्या पिटायला लागली आणि तिला दटावून गप्प करावं लागलं, कारण नेमकी त्याच वेळी रेंज आली होती आणि फोन वाजत होता.

“घाट कसा आला?” सासरेबुवांनी विचारलं.

माणसाची परीक्षा अशाच वेळी होते. जावईबापू म्हणाले, “बाबा, माझ्याकडून चूक झाली. मागचं झाकण उघडलं गेलं. घाटाचे फोटो गेले.”

पलीकडे दीर्घ श्वास ऐकू आला. मग सासरेबुवा ज्या उदारपणे बोलले, त्याची सर कुठल्याही वाणाला येणार नाही. असू द्या म्हणाले. यंत्र आहे, होतं असं. नव्या माणसाच्या हाताला सवय नसते. जावयाला बोलता येत नाही हे त्यांनी कसोशीने पाळलं. जावयाबद्दल बोलायला मात्र शास्त्रात बंदी नाही. संध्याकाळपर्यंत बार्शीचे चुलतभाऊ, पंढरपूरचे मेहुणे आणि मस्कतहून परतून आता मिरजेत राहणारे थोरले बंधू यांना झाकण कसं उघडलं गेलं ते सविस्तर समजलं. थोरल्या बंधूंनी म्हणे विचारलं, “पण रोल कोणी भरला होता?” त्यांना सांगण्यात आलं, “मी.” त्यावर ते काही बोलले नाहीत.

कुन्नूरपासून पुढे वेलिंग्टन, अरवंकाडू, केट्टी, लवडेल. केट्टीच्या दरीत ढग खाली आणि गाडी वर. मुद्दा सहाप्रमाणे ८ लावून तिथे चार फोटो झाले. उटीत लोक जे करतात ते यांनी केलं: तळं, १८४८ सालची बाग, दोड्डबेट्टावर थंडीत कुडकुडत उकडलेले शेंगदाणे. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्या टोकावर निम्मी माणसं मराठीतच एकमेकांना ‘जरा सरका’ म्हणत होती.

पण सासरेबुवांनी एक खास काम सांगितलं होतं. उटीच्या इंदूनगरला जाऊन हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्याचा एक फोटो आणायचा. ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं. ‘इंदू’ नावाचे काळे-पांढरे रोल इथेच बनायचे, दवाखान्यांच्या एक्स-रे फिल्मही. फिल्म बनवायला थंड आणि धूळ नसलेली हवा लागते, म्हणून कारखाना डोंगरावर. आता तो बंद आहे. सासरेबुवांच्या तरुणपणी इंदूचा रोल परदेशी रोलपेक्षा स्वस्त पडे. कालव्याच्या कामांचे त्यांचे सगळे फोटो त्यावरचे. चहाच्या मळ्यात फोटो काढायचे सोडून जावई बंद कारखान्यापुढे का जातोय, हे रिक्षावाल्याला कळेना. त्याने तीनदा खात्री करून घेतली: बोटॅनिकल गार्डन नको? चॉकलेटचं दुकान नको?

मग त्याने गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि रिक्षा बाजूला घेतली. त्याचे वडील त्याच कारखान्यात होते. फिल्मवर लेप चढवण्याचं काम मिट्ट काळोखात चालतं, त्यामुळे त्यांची अख्खी नोकरी अंधारात गेली. “घरी रात्री दिवा लावत नसत,” तो मोडक्या हिंदीत सांगायला लागला. “अंधारातच जेवायचे. आईच्या पायाला सारखी खुर्ची लागायची.” कॅमेरा हातात घेऊन त्याने सराईतपणे पहिल्यांदा डावा नॉब तपासला, मान डोलावली आणि परत दिला. जावईबापूंनी त्याचा फोटो काढला. हसू ओसरायची वाट न बघता.

परतल्यावर पुण्याच्या लॅबने रोल धुऊन स्कॅन फोनवर पाठवले. छत्तीस फोटो, सगळे स्वच्छ. घरच्या मंडळींनी ते फोनवर ढकलत बघितले आणि छान म्हणाले. सासरेबुवांनी मात्र एकच विचारलं: “निगेटिव्ह कुठाय?”

जावईबापूंनी निगेटिव्ह पुढच्या खेपेला सोलापूरला नेलं आणि तिथे त्यांचा हिशेब चुकला. सासरेबुवांनी चष्मा लावला, पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली आणि सुरुवातीपासून बघत गेले. रोल मध्येच उजेडात उघडला गेला असेल तर निगेटिव्हवर तेवढा भाग काळाकुट्ट होतो, हे तर ज्याने आयुष्यात एक रोल धुतला आहे त्यालाही ठाऊक असतं. इथे पहिल्या चौकटीत कुन्नूरचं डिझेल इंजिन होतं, दुसऱ्यात नात, आणि तसंच शेवटपर्यंत. काळा भाग नावालाही नाही. त्यांनी पट्टी पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग ती बटर पेपरच्या पाकिटात ठेवत “बरे आलेत” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून बार्शी आणि पंढरपूरला जाणाऱ्या बातम्या थांबल्या. सासूबाईंना वाटलं, यांची तब्येत बरी नाही.

दिवाळीला धाकटे जावई हंपीला निघाले आणि त्यांनीही कॅमेरा मागितला. तेव्हा अधिक महिना नव्हता, सबब सहज चालली असती. पण सासरेबुवांनी कॅमेरा दिला आणि सोबत नवा कागदही दिला, नव्याने लिहून काढलेला. पहिला मुद्दा होता: ‘रोल सासऱ्यांनी भरू नये. थोरल्या जावयांकडून भरून घ्यावा.’ आणि लगेच खाली, जाड अक्षरात, दुसरा: ‘बॅटरी मात्र मीच बदलीन.’